ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय, टाळू का?

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि आता त्यांना ज्युरी ड्युटीचं, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याचं, समन्स आलं आहे. घरात दोन लहान मुलं, नोकरी नवी, आणि इंग्रजी त्यांच्याच शब्दांत 'ऑफिसपुरतं'. मैत्रिणीने सल्ला दिला की फॉर्मवर सरळ इंग्रजी येत नाही असं लिही, नाहीतर निवडीच्या वेळी 'मला सगळे आरोपी दोषीच वाटतात' म्हण, लगेच सोडतात. यजमानांचं म्हणणं असं की आपल्याकडे ही पद्धत चालली नाही म्हणून बंद केली, इथेही ती नावापुरतीच आहे. आणि ताईंचा शेवटचा प्रश्न: "मला कायद्यातलं काही कळत नाही. मी तिथे बसून काय करणार?"

मी बावीस वर्षं इथे फौजदारी खटल्यांमध्ये आरोपींच्या बाजूने उभा राहतो आहे. या काळात शेकडो लोकांना ज्युरीच्या खुर्चीत बसताना पाहिलं. त्यात मराठी माणसं फार थोडी होती, आणि त्या थोड्यांतली बरीचशी सुटायची धडपड करत होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्यवहाराचं. ताई, तुम्ही समन्स टाळू नका, पुढे ढकला. पहिल्यांदा तारीख बदलून मागितली तर सहसा खळखळ न करता मिळते. मुलांच्या शाळेला सुट्टी नसेल किंवा सासूबाई भारतातून आलेल्या असतील असा आठवडा निवडा. लहान मुलाला सांभाळायला खरोखरच दुसरं कुणी नसेल, तर न्यू जर्सीच्या कायद्यात ते सूट मिळण्याचं एक कारण आहे, पण ते फॉर्मवर स्पष्ट लिहावं लागतं. नुसतं 'मुलं लहान आहेत' एवढ्याने भागत नाही. नोकरीची काळजी करू नका. ज्युरी ड्युटीला गेलात म्हणून मालकाला तुम्हाला काढता येत नाही किंवा त्रासही देता येत नाही, फेडरल कायद्यानेही आणि राज्याच्या कायद्यानेही. इथल्या बहुतेक काउंट्यांमध्ये हिशोब 'एक दिवस किंवा एक खटला' असा असतो. त्या दिवशी निवड झाली नाही तर संध्याकाळी घरी, आणि काम झालं.

खोटं मात्र लिहू नका. समन्सच्या प्रश्नावलीत तुम्ही सही करून खरेपणाची हमी देता. ज्या बाई नागरिकत्वाची मुलाखत इंग्रजीत देऊन आल्या, त्यांनी वर्षभरात 'इंग्रजी समजत नाही' असं लिहायचं, हे मनालाही पटणारं नाही आणि कागदावरही बरं दिसत नाही. फेडरल न्यायालयाचं समन्स काही कारण नसताना धुडकावलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ३ दिवसांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

इथे थोडं थांबून ग्रीन कार्डवाल्यांसाठी सांगायलाच हवं, कारण यात मी लोकांचं फार मोठं नुकसान झालेलं पाहिलं आहे. समन्सची नावं फक्त मतदार यादीतून येत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्स आणि इन्कम टॅक्सच्या याद्यांमधूनही येतात. म्हणून नागरिक नसलेल्यांच्या घरीही तो लिफाफा येतो. अशा वेळी घाबरून गप्प बसू नका, आणि 'सरकारने बोलावलंय तर जायला हवं' म्हणून जाऊन बसूही नका. 'मी नागरिक नाही' या रकान्यात खूण करा, फॉर्म परत पाठवा, प्रत जपून ठेवा. चुकून 'नागरिक आहे' वर खूण केली तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना ती खूण समोर येऊन उभी राहते. आणि कुणी फोन करून 'तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवली, अटक टाळायची तर गिफ्ट कार्डने पैसे भरा' म्हणालं तर फोन ठेवून द्या. न्यायालय फोनवर पैसे मागत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. सकाळी विमानतळासारखी तपासणी, मग एका मोठ्या हॉलमध्ये शे-दोनशे माणसं. ट्रक ड्रायव्हर, प्राध्यापक, नर्स, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा, निवृत्त पोस्टमन. हातात नंबराचा बिल्ला. सुरुवातीला एक व्हिडिओ दाखवतात, मग वाट पाहणं. हे वाट पाहणं फार लांबतं, म्हणून पुस्तक आणि डबा बरोबर असू द्या. नंबर पुकारला की कोर्टरूममध्ये नेतात आणि निवड सुरू होते.

निवडीच्या प्रश्नांना आपली माणसं कशी उत्तरं देतात ते मला समोरून दिसतं. न्यायाधीश विचारतात, 'पोलिसाची साक्ष आणि सामान्य माणसाची साक्ष तुम्ही एकाच मापाने मोजाल का?' आपला माणूस मान डोलावून 'येस, युअर ऑनर' म्हणतो. 'आरोपी साक्ष द्यायला उभा राहिला नाही तर ते त्याच्या विरुद्ध धराल का?' 'नो, युअर ऑनर.' मोठ्यांपुढे बोलायचं नाही ही आपली सवय, आणि न्यायाधीश तर काळा झगा घालून उंचावर बसलेले. पण इथे खरं उत्तर हवं असतं. एकदा एक गुजराती आजी या दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा मुलगा असता आणि गप्प बसला असता, तर मला वाटलं असतं की काहीतरी लपवतोय." मी बचाव पक्षाचा, त्यांना बसवून घेणं मला परवडणारं नव्हतं, आणि त्या घरी गेल्या. पण त्या दिवशी कोर्टात मला सगळ्यात जास्त आदर त्यांच्याबद्दल वाटला. मनात जे आहे ते त्यांनी सांगितलं. निष्पक्ष ज्युरी यातूनच तयार होते. मैत्रिणीने सुचवलेलं वाक्य आणि आजींचं वाक्य वरवर सारखीच दिसतात. एक सुटण्यासाठी बोललेलं आहे, दुसरं खरं.

आणि वकिलाने तुम्हाला वगळलं तर मनाला लावून घेऊ नका. आम्हाला ठरावीक संख्येपर्यंत कारण न देता नावं वगळता येतात. कातडीच्या रंगावरून वगळता येत नाही, हे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने बॅट्सन खटल्यात ठरवलं. ते पाळलं जातंच असं नाही. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स या माणसावर एकाच आरोपाखाली सहा वेळा खटला चालला, आणि त्या सहा खटल्यांत मिळून सरकारी बाजूने ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय संभाव्य ज्युरर वगळले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. ज्युरीत कोण बसतं यावर इतकी मेहनत घेणारे लोक आहेत, त्यावरूनच त्या खुर्चीची किंमत कळते.

'मी तिथे काय करणार' याचं उत्तर: कायदा सांगण्याचं काम न्यायाधीशांचं. काय घडलं हे ठरवण्याचं काम तुमचं. साक्षीदार खरं बोलतोय का, हे ठरवायला वकिलीची सनद लागत नाही. भाजीवाला वजन करताना काट्याकडे कसं बघतो, मूल 'मी नाही केलं' म्हणताना कुणाकडे बघतं, हे ज्या नजरेला कळतं तीच नजर तिथे लागते. फौजदारी खटल्यात कसोटी एकच: वाजवी शंकेला जागा उरू नये. नुसतं 'बहुतेक यानेच केलं असावं' यावर सुटका होते, शिक्षा नाही.

नागरिकत्वाच्या परीक्षेच्या तयारीत तुम्ही एक प्रश्न पाठ केला असेल: फक्त नागरिकांचीच असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोन होती, मतदान आणि ज्युरीत बसणं. मतदानात तुमचं मत लाखोंमध्ये मिसळतं. ज्युरीत तुम्ही बारांपैकी एक असता. फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं, म्हणजे तुमच्या एकटीच्या 'नाही'वर दोषी ठरवणं अडतं. हे अधिकाराचं इतकं मोठं माप राज्यघटनेने सामान्य माणसाच्या हातात दुसरीकडे कुठेही दिलेलं नाही.

ही एकमताची अट मला इतकी जवळची का वाटते, ते दोन गोष्टींवरून सांगतो.

पहिली लुइझियानाची. तिथे १८९८ च्या घटना परिषदेत नियम केला गेला की बारापैकी नऊ जणांनी दोषी म्हटलं तरी पुरे. हेतू उघड होता. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना ज्युरीतून थेट हाकलता येत नव्हतं, म्हणून त्यांना बसू द्यायचं पण त्या एक-दोघांच्या मताला किंमत राहू द्यायची नाही. पुढे नऊचे दहा झाले, पण नियम राहिला. २०१६ मध्ये इव्हॅंजेलिस्टो रॅमॉस या माणसाला खुनासाठी १० विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं गेलं आणि पॅरोलविना जन्मठेप झाली. लुइझियानाच्या मतदारांनी २०१८ मध्ये हा नियम पुढच्या गुन्ह्यांपुरता बदलला, आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहाव्या घटनादुरुस्तीतल्या ज्युरीचा अर्थच एकमत असा आहे, राज्यांनाही त्यातून सुटका नाही. रॅमॉसचा खटला पुन्हा उभा राहिला आणि २०२३ मध्ये नव्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. पहिल्या खेपेला 'नाही' म्हणणारे जे दोघे होते, त्यांचं मत तेव्हा नुसतं बाजूला सारलं गेलं होतं. सांगायला वाईट वाटतं, पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने असंही ठरवलं की ज्यांच्या शिक्षा आधीच कायम झाल्या आहेत त्यांना फेडरल न्यायालयात या निकालाचा फायदा मिळणार नाही. असाच दहा-दोनचा नियम जिथे होता त्या ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यातल्या जुन्या कैद्यांना तो दिला, लुइझियानाच्या न्यायालयाने दिला नाही. तिथे दहा-दोनच्या निकालावर आत गेलेली माणसं आत राहिली. मला हे चुकीचं वाटतं, आणि मी ते जिथे बोलायला मिळतं तिथे बोलतो.

दुसरी गोष्ट आपली. जुलै १९०८, मुंबई उच्च न्यायालय. 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. ज्युरी नऊ जणांची, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि ज्यांनी निवाडा करायचा त्यांच्यासमोर इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतःची बाजू एकवीस तासांहून अधिक मांडली, त्यातला बराच वेळ मराठी शब्दांचे अर्थ समजावण्यात गेला. निकाल ७ विरुद्ध २. बहुमत आणि न्यायाधीशांची संमती एवढं तिथे पुरत होतं. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. १८९७ च्या खटल्यातही तेच झालं होतं, सहा युरोपियन विरुद्ध तीन भारतीय. १९०८ मध्ये टिळक म्हणाले ते सगळ्यांना पाठ आहे, ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे. मी शाळेत ते वाक्य देशभक्तीचं म्हणून शिकलो. इथे वकिली करायला लागल्यावर त्या दोन 'नाही'कडे लक्ष गेलं. एकमताची अट असती तर त्या रात्री टिळकांना दोषी ठरवता आलं नसतं.

या गोष्टीतून तुमच्या कामाचं एक निघतं. खटल्यात एखादा साक्षीदार हिंदीत किंवा मराठीत बोलला, तर तुम्हाला थेट कळेल आणि बाकीच्या अकरांना दुभाष्याकडून. नियम असा की सगळ्यांनी दुभाष्याचं भाषांतरच पुरावा म्हणून धरायचं. का, तर बाराही जणांसमोर एकच पुरावा असला पाहिजे. पण भाषांतर चुकलंय असं वाटलं तर गप्प बसू नका. शेजारच्या ज्युररला सांगू नका, चिठ्ठी लिहून न्यायाधीशांना कळवा. 'मारीन' हा शब्द आई मुलाला दहा वेळा म्हणते. तो इंग्रजीत कसा गेला यावर एखाद्याची वर्षं अवलंबून असू शकतात.

यजमानांच्या मुद्द्याबद्दल. आपल्याकडे ज्युरी नानावटी खटल्यामुळे बंद झाली असं सगळे म्हणतात. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने नौदल अधिकारी नानावटींना ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीश रतिलाल मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. पण ज्युरी बंद करा अशी शिफारस विधी आयोगाने त्याआधीच, १९५८ च्या अहवालात केली होती. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७३ मध्ये ती राहिलीच नाही. पारशी विवाह न्यायालयात मात्र समाजातले प्रतिनिधी अजूनही न्यायाधीशांबरोबर बसतात. खरा फरक वेगळा आहे. इथे ज्युरीने निर्दोष म्हटलं की ते अंतिम. न्यायाधीशांना पटो न पटो, सरकारला अपील नाही. पाचव्या घटनादुरुस्तीने निर्दोष सुटलेल्याला त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटल्याला उभं करायला मनाई केली आहे. म्हणून 'नावापुरतं' हे मला मान्य नाही.

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. इथे खटले फार कमी उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात स्वतःच आकडा दिला आहे: फेडरल न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. बऱ्याच जणांवर मोठ्या शिक्षेची टांगती तलवार असते आणि ते तडजोड करतात. पण तडजोडीच्या टेबलावर मी जेव्हा सरकारी वकिलासमोर बसतो, तेव्हा माझ्या हातात एकच पत्ता असतो: 'चला तर मग, बारा जणांसमोर जाऊ.' तुम्ही सगळे समन्स फेकून द्यायला लागलात तर तो पत्ताही राहणार नाही.

एक खटला सांगतो. विशीतला मुलगा, आरोप जबरी चोरीचा. सगळी भिस्त एका साक्षीदारावर, रात्री साडेदहाला दुकानामागच्या पार्किंगमध्ये त्याने चेहरा पाहिला होता. चौदा जणांनी खटला ऐकला. इथे चौदा बसवतात आणि शेवटी चिठ्ठ्या काढून दोघांना बाजूला करतात, म्हणजे सगळे शेवटपर्यंत कान देऊन ऐकतात. बारा जण आत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वहीच्या फाडलेल्या पानावर चिठ्ठी आली: साक्षीदाराने दिव्याबद्दल काय सांगितलं ते परत ऐकायचं आहे. सगळ्यांना कोर्टात आणून तेवढा भाग वाचून दाखवला. उलटतपासणीत तो म्हणाला होता, दिवा माझ्या पाठीशी होता की त्याच्या, आता सांगता येत नाही. मी स्वतः तो प्रश्न विचारला होता आणि समारोपाच्या भाषणात त्या उत्तराचा उल्लेखही केला नव्हता. दिवा त्या माणसाच्या पाठीशी असेल तर चेहरा अंधारात. हे माझ्या हातून सुटलं, त्या खोलीतल्या कुणाच्या तरी हातून सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा घरी गेला. चिठ्ठीखाली सही फोरपर्सनची, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाची, होती, अक्षर मात्र वेगळं होतं. ते कुणाचं ते मला आजही माहीत नाही, कारण निकालानंतर ज्युररांशी बोलायला आम्हा वकिलांना इथे बंदी आहे.

त्या खोलीसाठी दोनच गोष्टी लक्षात ठेवा. घरी जाऊन गूगल करायचं नाही, जागा बघायला जायचं नाही, यजमानांनाही काही सांगायचं नाही. आणि दुसऱ्याचं नीट ऐकून मत बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला. उशीर झाला, मुलं वाट बघतायत, अकरा जण आपल्याकडे बघतायत, या कारणांनी मात्र बदलू नका. एकमत झालंच नाही तर न्यायाधीश आणखी प्रयत्न करायला सांगतात, तरीही नाही झालं तर ज्युरीला मोकळं करतात. तो तुमचा अपराध नसतो.

निकाल वाचल्यावर दोन्हीपैकी एका बाजूने मागणी केली की प्रत्येक ज्युररला वेगळं विचारतात: हा तुमचा निकाल आहे का? एकेक नंबर पुकारला जातो. मी त्या वेळी अशिलाकडे बघत नाही, ज्युरीकडे बघतो. तुमचा नंबर येईल तेव्हा तुम्ही 'नाही' म्हणालात, तर वाचून झालेला निकालही तिथेच थांबतो आणि न्यायाधीश बाराही जणांना पुन्हा त्या खोलीत पाठवू शकतात.